जावयाची आंबट बाटली

प्रश्न : ताई, मी रेल्वेतून निवृत्त झालो, भुसावळला असतो. मोठी मुलगी आणि जावई फ्रान्समध्ये ग्रनोबलला असतात. दिवाळीला आले तेव्हा जावयांनी पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. लेबलावर ‘आप्रमों’, ‘साव्वा’ आणि ११ टक्के, एवढं मुलीनं वाचून दाखवलं. परवा शेतात भरीत पार्टी होती, व्याही आले होते, म्हणून एक बाटली फोडली. रंग जवळजवळ पाण्याचा. चव आंबट, जिभेला बारीक टोचणी, वास म्हणाल तर काही नाही. व्याही म्हणाले, यात सोडा आहे. शेवटी तळाला काचेच्या चुऱ्यासारखं दिसलं, तेव्हा घाबरून उरलेली अर्धी बाटली बांधावर ओतून दिली. मुलीला खोदून विचारलं तर म्हणाली, सात युरोची आहे. माल बिघडलेला होता की जावयांनी स्वस्तातलं उरकलं? दुसरी बाटली आमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी जपून ठेवावी म्हणतो. त्याला अजून सहा वर्षं आहेत. वाइन जुनी झाली की चांगली होते ना?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : भाऊ, बांधावर गेलेल्या अर्ध्या बाटलीचं मला खरंच वाईट वाटलं. जावयांची मात्र निर्दोष सुटका करा. आणि व्याह्यांना सांगा, की पोराच्या बाटलीत सोडा नव्हता, पण जीभ तुमची तरबेज आहे.

तो चुरा काचेचा नव्हता. पुन्हा दिसला तर चिमूटभर कपभर गरम पाण्यात टाकून ढवळा. विरघळून जाईल, काच विरघळत नाही. चिंचेत जे आम्ल असतं तेच द्राक्षात असतं, टार्टरिक. द्राक्षातल्या पोटॅशियमशी त्याची जोडी जमते आणि गारठा मिळाला की त्याचे खडे होऊन तळाला बसतात. मी सतरा वर्षं नाशिककडच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये होते. तिथे हे काम आम्ही आधीच उरकून घ्यायचो. बाटलीत भरण्याआधी वाइन टाकीतच उणे चार अंशांपर्यंत गार करायची, काही दिवस तशीच ठेवायची, खडे टाकीच्या भिंतीला धरले की वाइन अलगद दुसरीकडे घ्यायची. मग पोरं टाकीत उतरून भिंती खरवडायची आणि बादल्या भरून चमचमता चुरा बाहेर यायचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तुरटीच वाटली होती. विजेचा हा खर्च छोटा बागायतदार बऱ्याचदा करत नाही. मग खडे गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्ये बसतात. तुम्ही बाटली चांगली आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवली असणार, हो ना?

टोचणीचं कारणही साधं आहे. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो. ही वाइन स्टीलच्या टाकीत, गार ठेवून, हिवाळाभर स्वतःच्याच यीस्टच्या गाळावर बसवतात आणि उन्हाळा लागण्याआधी बाटलीत भरतात. इतक्या लवकर भरली की थोडा वायू आतच राहतो. तो मुद्दाम राहू देतात, त्यानं वाइन तोंडात जिवंत लागते.

राहिला आंबटपणा, आणि तुमची खरी तक्रार तीच आहे.

एका सप्टेंबरात मी साव्वाला द्राक्षतोडीला गेले होते, तीन आठवडे. वायनरीनंच पाठवलं होतं, शिकायला म्हणून. साव्वा म्हणजे आल्प्सच्या फ्रान्सकडच्या उतारावरचा मुलूख. तो फ्रान्समध्ये कायमचा आला १८६० मध्ये. तिथल्या सगळ्या द्राक्षबागा मिळून दोन हजार हेक्टरच्या आसपास भरतील, म्हणजे फ्रान्सच्या एकूण बागांचा अर्धा टक्काही नाही. आपल्या रावेर-यावलची केळी त्याच्या कितीतरी पट. त्यातही बरीचशी वाइन बर्फावर घसरायला येणारी पाहुणेमंडळी तिथल्या तिथेच संपवतात, म्हणून बाहेर कुणाला नाव ठाऊक नाही.

शांबेरी नावाच्या गावाच्या दक्षिणेला ग्रानिये डोंगर आहे, १९३३ मीटर उंच. लांबून बघितलं तर सुरीनं अर्धी कापून ठेवलेली भाकर दिसते. २४ नोव्हेंबर १२४८ च्या रात्री या डोंगराची उत्तरेकडची बाजू सुटली आणि खालच्या खोऱ्यात आली. झोपलेली गावंच्या गावं चुनखडीच्या दगडांखाली गेली. लोक सांगतात, दरड म्यां गावच्या काळ्या मेरीमातेच्या पायाशी येऊन थांबली. ते देऊळ आजही आहे आणि तिथे जत्रेसारखी गर्दी होते. त्या ढिगाऱ्यावर पुढे दुसरं काही नीट पिकेना, पण द्राक्ष आलं. एका बाजूच्या वाइनला आप्रमों म्हणतात, शेजारच्या तुकड्याला आबीम. आबीम म्हणजे खोल दऱ्या, खड्डे. मी तोडत होते त्या बागेच्या ऐन मधोमध एक धोंडा होता, आमच्या फैजपूरच्या घराच्या ओसरीएवढा. पावणेआठशे वर्षांत तो कुणाला हलवता आलेला नाही. द्राक्षाच्या ओळी त्याच्यापाशी येऊन तुटतात आणि पलीकडून पुन्हा सुरू होतात. मालकीण त्याच्यावर डबा ठेवून जेवायची.

तिथले लोक म्हणतात, वाइनमध्ये त्या दगडाची चव उतरते. मी पडले ब्युरेटवाली, नळीत मोजून बघणारी बाई, दगड मुळातून चढून ग्लासात येतो हे मला पटत नाही. पण त्या खडकाळ जमिनीत पाणी ठरत नाही, आणि रात्री डोंगरावरून गार वारा उतरतो, हे मी स्वतः स्वेटरवर स्वेटर घालून अनुभवलंय. द्राक्षात टार्टरिकशिवाय आणखी एक आम्ल असतं, मॅलिक. हिरव्या सफरचंदात असतं ते. रात्री उबदार असल्या की पिकताना घड हे मॅलिक खर्चून टाकतो. नाशकात मार्चच्या काढणीला आम्ही पहाटे बॅटऱ्या लावून घड तोडायचो, तरी लॅबमध्ये टायट्रेशन करून मोजलेला आम्लाचा आकडा रोज खाली घसरलेला दिसायचा आणि ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, वर चढलेला. साव्वात उलटं. तिथे साखर चढता चढत नाही आणि आंबट उतरता उतरत नाही. म्हणून तुमच्या लेबलावर ११ टक्के आहे, आपल्याकडच्या पांढऱ्या वाइनवर १२-१३ दिसतं. द्राक्षाची जातही तशीच आहे, जाकेर. उशिरा पिकणारी, भरपूर लागणारी, फारसा नखरा नसलेली. साव्वातल्या निम्म्याच्या आसपास बागा तिच्याच आहेत. तिला वास अगदीच नाही असं नाही : पेअर, पपनसाची साल, थोडंसं वाळलेलं गवत. पण तुम्ही ती बर्फासारखी गार प्यायलात. चार अंशांवर कुठल्याही वाइनचं नाक बंद होतं. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, आठ-दहा अंशांवर आणायची. डिसेंबरात तर तुम्हाला फ्रिजही नको. आपल्याकडे पहाटे शेतात पारा दहाच्या आसपास असतो, रात्री बाटली ओसरीवर ठेवून दिली तरी काम झालं.

आता सात युरो. तिथे ती सात युरोलाच मिळते, कधी त्याहून कमी. जावयांनी तिथल्या लोकांच्या रोजच्या जेवणातली वाइन तुमच्या पानाशी आणून ठेवली. भारी दिसणारी बाटली विमानतळावर कुणीही घेतं. ही शोधून आणावी लागते, शिवाय सामानात दोन लिटरची मर्यादा असते, त्यात तिला जागा द्यावी लागते.

ही वाइन नुसती बसून चाखायची नाही. तिथे थंडीत चीज वितळवून त्याचं फोंद्यू करतात, मोठ्या भांड्यात सगळे मिळून पावाचे तुकडे बुडवून खातात. पाव किलो चीज पोटात गेल्यावर तोंडाला जो तुपकटपणा येतो, तो या आंबट वाइनच्या एका घोटानं साफ होतो. शिवाय त्या चीजमध्येही हीच वाइन ओततात, कारण तिच्यातलं आम्ल चीजमधल्या कॅल्शियमला धरून ठेवतं आणि चीज गुठळ्या न होता सुतासारखं सरळ वितळतं. आप्रमोंची चव फोंद्यूशिवाय बघणं म्हणजे भरीत नसताना नुसती लिंबाची फोड चोखणं.

आणि गंमत म्हणजे तुम्ही नकळत जागा बरोबर निवडली होती. बामणोदची हिरवी वांगी, पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली, वरून शेंगदाण्याचं तेल सढळ, कांद्याची पात, लसूण, खोबऱ्याचे काप. या सगळ्या तेलाला आणि धुराला कापायला आपण काय घेतो? मुळा, लिंबू, ताक. आप्रमों त्याच रांगेत बसते. मी स्वतः गेल्या थंडीत कळण्याच्या भाकरीबरोबर घेऊन बघितली. कळण्यातलं उडीद जरा जड पडतं, पण पुरीबरोबर फार छान. मिरची मात्र हात राखून घाला. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, ११ टक्के आहे म्हणून निभावतं इतकंच. शेवभाजीच्या वाट्याला तर जाऊच नका. त्या रश्श्यापुढे या बिचारीचं काही चालत नाही, तिथे ताकच.

शेवटचं, त्या सहा वर्षांबद्दल. भाऊ, मुळीच नाही. साव्वाहून येताना मालकिणीनं मला एक आप्रमों दिली होती. वडिलांचा अमृतमहोत्सव दोन वर्षांवर होता. मी लॅबवाली, मला सगळं कळायला हवं होतं, तरी भावनेच्या भरात ती बाटली आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून फैजपूरला गोदरेजच्या कपाटात ठेवली. दोन मे महिने तिनं त्या पत्र्याच्या पेटीत काढले. कार्यक्रमाच्या दिवशी लुगडं सोडलं तर बूच पाव इंच वर आलेलं, आणि लेबलावरून ओघळ वाळलेला. आतली वाइन गरम होऊन फुगली होती, बुचाच्या कडेनं पाझरली होती, मग थंडीत आकसताना तिनं हवा आत ओढून घेतली होती. ग्लासात ओतली तर रंग चहाचा, वास शिजवलेल्या सफरचंदाचा. टोचणी नाही, मूळचा गंध नाही. वडिलांनी ग्लास उजेडात धरला आणि म्हणाले, “पोरी, चहात साखर विसरलीस.”

भुसावळचा मे म्हणजे ४५ अंशांच्या पुढे. जुनी झाल्यावर चांगली होणारी वाइन वेगळी असते, तिच्यात मुरायला काही असावं लागतं. जाकेरच्या वाइनमध्ये ताजेपणाच आहे, तो गेला की मागे काही उरत नाही. भरल्यापासून वर्ष-दीड वर्षात संपवायची. तुमची दुसरी बाटली हुर्डा-भरिताचे दिवस आहेत तोवर फोडा, व्याह्यांना पुन्हा बोलवा. पन्नासाव्याला हवीच असेल तर त्याच मुलुखातली ‘रुसेत द साव्वा’ जावयांना आणायला सांगा. ती अल्तेस नावाच्या द्राक्षाची असते, अंगानं भरलेली, चार-पाच वर्षं बरी टिकते. मात्र त्या दिवसाच्या दोन-तीन वर्षं आधी आणा आणि फ्रिजच्या तळच्या कप्प्यात आडवी ठेवा. शोकेसमध्ये दिवाळीच्या कंदिलाशेजारी नको.

आणि हो, आपल्याकडे पिण्यासाठी परवाना लागतो. सगळे विसरतात, तुम्ही रेल्वेतले, नियमाचे. काढून ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी शहाद्याजवळच्या गावचा, बी.एस्सी. अ‍ॅग्री झालोय. तोरणमाळला आमच्या मामांची जमीन आहे. उंची अकराशे मीटरच्या वर, थंडीही चांगली पडते. अशा डोंगराळ भागातली युरोपची पांढरी द्राक्षं सातपुड्यात लावली तर हलकी, आंबट वाइन होईल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : तू माझ्या पुतण्याच्या वयाचा दिसतोस, म्हणून अरे-तुरे करते. उंचीच्या आकड्यावर भाळू नकोस. वर ज्या आप्रमोंबद्दल लिहिलं, तिथल्या बागा तीनशे ते पाचशे मीटरवर आहेत. नाशिकच सहाशेच्या आसपास आहे. म्हणजे ‘डोंगरातली’ म्हणून मिरवणारी ती द्राक्षं नाशिकच्या द्राक्षांपेक्षा खालीच पिकतात. डोंगर त्यांच्या डोक्यावर असतो, पायाखाली नाही.

फरक आहे तो झोपेचा. साव्वा पंचेचाळीस अक्षांशाच्या वर. हिवाळ्यात वेल पानं टाकून गाढ झोपतो, बर्फात छाटणी होते, वर्षातून एकदाच, आणि वसंतात डोळे आपापले फुटतात. जूनमध्ये तिथे पंधरा तासांहून मोठा दिवस असतो. म्हणजे ऊन सौम्य, पण वेळ भरपूर, जाकेरसारखी उशिरा पिकणारी जात त्यावर निभावून नेते. आपला वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावायचं, हे तू शिकला असशीलच. तोरणमाळच्या थंडीनंही वेलाला तशी झोप लागणार नाही. त्यात जून ते सप्टेंबर तिथला पाऊस आणि धुकं. पानं सतत ओली, मग डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, आहेच. फवारण्यांच्या खर्चात तुझी सात युरोची वाइन वीस युरोची होईल.

हलकी, आंबट पांढरी वाइन हवी असेल तर वेगळी वाट आहे. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यॉ ब्लाँ या जाती नाशिककडे पंचवीसेक वर्षं रुळल्या आहेत. त्यांचा आंबटपणा टिकवायचा तर काढणी लवकर करावी लागते, ब्रिक्स २० च्या आसपास असतानाच, आणि तीही रात्री. शेतकऱ्याला ते नको असतं, कारण दर साखरेवर ठरला की दोन आठवडे थांबण्यातच त्याचा फायदा. तेव्हा लागवडीआधी वायनरीशी करार कर, आणि दर आम्लावरही ठरेल असं त्यात लिहून घे. माझा जीव या एका कलमासाठी फार जळलाय. तोरणमाळच्या जमिनीत मामांना स्ट्रॉबेरी लावू दे. लवकर पैसा दिसेल.

प्रश्न : आमच्याकडे कुणी पीत नाही. पण लेकीला हॉटेलात खाल्लेलं चीज फोंद्यू घरी हवंय आणि कृतीत पांढरी वाइन सांगितलीय. तिच्याऐवजी काय घालू?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : पाव किलो चीजला अर्धी वाटी पाणी आणि एका मोठ्या लिंबाचा रस. मघाशी सांगितलं तसं, काम आंबटाचं आहे, नशेचं नाही. चीज किसून घ्या, त्याला चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळा, भांड्याला आतून लसूण घासा. पाणी-लिंबू कोमट झालं की मुठीमुठीनं चीज सोडा आणि मंद आचेवर हलवत राहा. उकळी फुटू दिलीत तर तेल सुटून खाली रबराचा गोळा बसेल. चौकोनी वड्यांचं प्रोसेस्ड चीज वापरणार असाल तर लिंबू थेंबभरच, त्यात वितळायचे क्षार आधीच घातलेले असतात.

पावाऐवजी बट्टी करून बघा. वरण-बट्टीला करतो तशीच, उकडून, कापून, तळलेली. काट्याला टोचली की पाव सुटून भांड्यात पडतो, बट्टी पडत नाही. फक्त ती कालची घ्या, ताजी फार तेल सोडते.